गाडी मिसिंग करतेय? पार्ट बदलण्याआधी सिलिंडर शोधा

गाडी न्यूट्रलला उभी असताना स्टेअरिंग थरथरतं, पिकअप पडतो, चढावर झटके बसतात, सायलेन्सरमधून तुटक फट्-फट् येतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजात गेलात की ऐकायला मिळतं, 'मिसिंग आहे, प्लग टाकून बघू.' प्लग टाकले, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. मग कॉइल (प्लगला करंट देणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) साफ, मग पेट्रोल पंप. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात असे हजारो रुपये गेलेले लोक मला कायम भेटतात. त्यातल्या बहुतेकांचा दोष एका जागी होता आणि पैसे भलत्याच जागी गेले.

हा लेख ज्यांनी आजवर बोनेट फक्त पाणी भरायला उघडलं त्यांच्यासाठी आहे. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरताच आहे. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथला शोध वेगळ्या वाटेने जातो.

आत नेमकं काय बिघडतं

सिलिंडरमध्ये दर वेळी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते घट्ट दाबलं जाणं, आणि बरोबर क्षणी पडणारी ठिणगी. यातली एक चुकली तरी त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही किंवा अर्धवट होतो. यालाच मिसिंग म्हणतात. आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) फिरत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा हे व्हायला हवं. चारपैकी एक सिलिंडर गप्प बसला की उरलेले तिघे त्याचंही ओझं ओढतात आणि गाडी हलायला लागते. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत हा हादरा जास्तच जाणवतो.

गाडीच्या कॉम्प्युटरला हे क्रँक सेन्सरवरून कळतं. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, वेग प्रत्येक स्फोटानंतर किंचित वाढतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वाढत नाही, त्याचा नंबर कॉम्प्युटर टिपून ठेवतो. म्हणजे अर्धं उत्तर गाडीकडे आधीच असतं, ते विचारून घ्यायचं.

दिवा लुकलुकतोय की नुसता लागलाय?

बाकी सगळं नंतर, आधी हे बघा. इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर जपून, कमी वेगात गाडी घरापर्यंत आणता येते. पण दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तिथे ते पेटतं आणि आतली जाळीदार सिरॅमिक वितळवतं. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. प्लग काहीशे रुपयांचा, कॉइल काही हजारांची; कन्व्हर्टरचं बिल त्याच्या कितीतरी पुढे जातं. 'भुसावळपर्यंत तर नेतो' म्हणून लुकलुकत्या दिव्यावर तीस-चाळीस किलोमीटर ओढू नका. टोइंगवाला बोलवा, तो स्वस्त पडेल.

'कधी' होतं ते लिहून काढा

नवखे लोक इथेच घाई करतात, आणि मला विचाराल तर निम्मं निदान इथेच होतं. पाना हातात घेण्याआधी वही घ्या. झटके कधी बसतात?

फक्त चढावर किंवा ओव्हरटेक करताना? धुळ्याजवळचा लळिंग घाट, चाळीसगावहून वर जाणारा कन्नड घाट, साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारी. या चढांवर गाडी धक्के देते आणि सपाटीवर गुळगुळीत चालते, तर संशय आधी प्लग आणि कॉइलवर घ्या. चढावर ॲक्सिलेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल किंवा झिजून फट वाढलेला प्लग तिथे हार मानतो.

फक्त आयडलला थरथर, आणि रेस दिली की नीट? मग हवा कुठून तरी आत चोरून शिरतेय असं समजा. एखादा फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, गळका ब्रेक बूस्टर. आयडलला इंजिन हवा थोडीच ओढतं, म्हणून चोरीची हवा प्रमाणात जास्त ठरते. रेस दिल्यावर तिचा हिस्सा नगण्य होतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तरी आयडललाच जास्त जाणवतं.

सकाळी पहिल्या सेल्फला दोन-चार मिनिटं मिसिंग, मग ठीक? गळका इंजेक्टर असू शकतो. सोबत गोडसर वासाचा पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याखालचं पॅकिंग) बघायचं.

तापल्यावरच होतं? हा आपल्याकडचा उन्हाळी आजार. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास दुपारी माहेरवाशिणींना सोडायला-आणायला गाड्या भरून धावतात, एसी चालू असतो. बोनेटखाली कॉइलच्या आतली तार आणि इन्सुलेशन तापून ढिलं पडतं. गाडी अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा ठीक चालते. अशी 'थंड झाल्यावर बरी होणारी' गाडी बऱ्याचदा कॉइलची असते, कधी क्रँक सेन्सरची.

पावसात किंवा वॉशिंग सेंटरवरून आल्या आल्या? दसऱ्याला गाडी धुताना प्रेशरचा पाइप थेट इंजिनावर मारतात, आणि प्लगच्या खोल विहिरीत पाणी साचतं. करंट प्लगच्या टोकाला न जाता पाण्यातून हेडला जातो. अशा वेळी काहीही विकत घेऊ नका. कॉइल काढा, पाणी हवेने उडवा, कोरडं करा, परत बसवा. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू झालं? तेही लिहा. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं असेल तर एक नव्हे, सगळेच सिलिंडर अडखळतात. आता मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं.

सीएनजीवाल्यांनी एवढं आधी करावं

गाडी दोन्ही इंधनांवर चालते याचा फायदा घ्या. स्विच पेट्रोलवर टाका आणि त्याच रस्त्याने चालवून बघा. पेट्रोलवरही तसेच झटके असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे: प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. फक्त गॅसवरच असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस इंजेक्टर रेल तपासायला सांगा.

पण एक मेख आहे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग-कॉइल थकायला लागले की त्रास आधी गॅसवर दिसतो आणि पेट्रोलवर गाडी छान पळते. लोक मग रिड्यूसर बदलत बसतात. म्हणून गॅसवर मिसिंग असली तरी पहिली तपासणी प्लगचीच करा. दुसरं असं की पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या सीटला जो थोडा ओलावा आणि थंडावा मिळतो तो कोरड्या गॅसने मिळत नाही. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाडीचं टॅपेट तपासलेलंच नसेल तर ते यादीत टाका.

थंड इंजिन, उघडं बोनेट आणि टॉर्च

काम सकाळी लवकर करा. उन्हात उभी राहिलेली गाडी बंद असली तरी दुपारी थंड होत नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, गळ्यातला गमछा किंवा ओढणी काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. आसपास बिडी-सिगारेट नको.

आता हात न लावता फक्त बघा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा जाड रबरी पाइप क्लॅम्पात नीट आहे का? सर्व्हिसिंगनंतर तो अर्धवट बसवलेला फार वेळा सापडतो. बारीक व्हॅक्यूम पाइपांना, विशेषतः वळणावर आणि टोकाला, भेगा आहेत का? उन्हाने रबर कडक होतं, बोटाने वाकवलं की भेग तोंड उघडते. कॉइलच्या सॉकेटची लॉक तुटलेली आहेत का? ती प्लास्टिकची असतात, उष्णतेने ठिसूळ होतात आणि मग खड्ड्यात सॉकेट हलतं.

आणि उंदीर. गाडी शेतात, खळ्यात, कापसाच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर वायरिंग टॉर्च मारून इंच-इंच बघा. बोनेटच्या आत कापसाचे पुंजके, काड्या, लेंड्या दिसल्या की समजा पाहुणा राहून गेला.

पारोळ्याकडचे एक नाना आहेत. त्यांची चार सिलिंडरची गाडी महिनाभर मिसिंग करत होती. मी विचारलं, 'नाना, कधी होतं?' म्हणाले, 'भाऊ, कायमच. उभी राहिनी तरी थरथरस, चढवर तर जीवच नही.' चारही प्लग नवे, एक कॉइल नवी, पेट्रोल पंप काढून साफ केलेला. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचणारं यंत्र) लावला तर कोड तिसऱ्या सिलिंडरचा. तिसऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरी काळ्या जाळीच्या नळीत होत्या. नळी वरून धड दिसत होती, खालच्या बाजूने कुरतडलेली. एका वायरचं तांबं दोन-तीन तारांवर टिकलं होतं. वायर सोलून नवा तुकडा जोडला, सोल्डर केलं, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन शांत. त्या गाडीत नवे टाकलेले सगळे पार्ट चांगले होते आणि जुनेही चांगलेच होते.

स्कॅनर: नंबर विचारून घ्या

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. बीएस-६ आणि अलीकडच्या बीएस-४ गाड्यांत ते हमखास मिळेल. ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मोबाइलमधल्या ॲपला जोडता येतो. नाहीतर गॅरेजात स्कॅन करून घ्या, पण कोडचा फोटो स्वतः काढून ठेवा.

पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ दुसरा, पी ०३०३ तिसरा, पी ०३०४ चौथा. पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्या एकाच सिलिंडरची नाही, इकडे-तिकडे होतेय. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत बेल्ट-पुलीच्या बाजूचा सिलिंडर पहिला आणि गिअरबॉक्सकडचा शेवटचा. तरी आपल्या मॉडेलचं एकदा खात्रीने पाहून घ्या, चुकीच्या सिलिंडरवर काम केलं तर पुढचं सगळं निदान उलटं होतं.

एकाच सिलिंडरचा कोड असेल तर दोष त्याच सिलिंडरच्या मालकीच्या वस्तूंत आहे: त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर, व्हॉल्व्ह, पिस्टनची रिंग. पी ०३०० असेल तर सगळ्यांना सामाईक असलेलं तपासा: पेट्रोलचा दाब, चोरीची हवा, खराब पेट्रोल, बॅटरीचं अर्थिंग, टायमिंग. जुन्या गाड्यांत जिथे एक कॉइल दोन सिलिंडरांना करंट देते, तिथे एक आणि चार किंवा दोन आणि तीन असे जोडीने कोड आले तर कॉइलचा तो अर्धा भाग गेलाय हे जवळपास ठरलं.

कोड आत्ताच पुसू नका. त्याच्यासोबत कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो: आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, वेग किती. ती तुमच्या वहीतल्या 'कधी'शी जुळते का बघा.

अदलाबदल: दोष सरकतो का?

हा या लेखाचा गाभा. हा प्रयोग केल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

समजा कोड पी ०३०२ आहे. इंजिन बंद, चावी काढलेली. दोन नंबरच्या कॉइलचं सॉकेट लॉक दाबून काढा. ओढताना वायरला धरू नका, सॉकेटला धरा. कॉइलचा एक बोल्ट, बहुतेक १० च्या पान्याचा, सोडवा. कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत सरळ वर ओढा. खालचं रबर प्लगला चिकटलेलं असतं, जोर करून वाकडी ओढली तर ते तुटून आत राहतं. तीन नंबरचीही तशीच काढा. आता दोघींच्या जागा बदला, सॉकेट लावा, कोड पुसा आणि जिथे झटके बसत होते त्याच रस्त्याने गाडी फिरवा.

आता कोड पी ०३०३ आला? कॉइलसोबत दोष तीन नंबरवर गेला. कॉइल खराब आहे, आणि हे तुम्ही सिद्ध केलंय. पी ०३०२ च राहिला? कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल अशीच करा, मग इंजेक्टरची तपासणी. एका वेळी एकच वस्तू हलवा. प्लग आणि कॉइल एकदम हलवल्या तर दोष सरकला तरी कुणासोबत सरकला ते कळणार नाही.

स्कॅनर नसेल तर जुनी पद्धत आहे. इंजिन आयडलला चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं सॉकेट काही सेकंद काढायचं. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तोच मेलेला. बरेच मेकॅनिक यासाठी कॉइल किंवा प्लगची वायर ओढतात. तसं करू नका. वायरीत हजारो व्होल्ट असतात, जोराचा शॉक बसतो, आणि ते न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचं सॉकेट काढलं की पेट्रोलच बंद होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत मात्र इंजेक्टरपर्यंत हात पोचत नाही आणि पेट्रोलचा दाब फार मोठा असतो, तिथे हा नाद सोडा.

प्लग काय सांगतो

प्लग काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटेच सोबत येऊ शकतात. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत हवा मारा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंपही चालतो. आपल्याकडची बारीक काळी माती तिथे थर धरून बसलेली असते, प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग पाना बहुतेक गाड्यांना १६ चा लागतो, काही नव्यांना १४ चा, जुन्यांना २१ चा. आत रबर किंवा चुंबक असलेलाच घ्या.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर ठेवा, खाली नंबर लिहा. आता उजेडात निरखा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलिंडर नीट जळतोय. कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. प्लग पेट्रोलने ओला आणि वासाचा, म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. करंटच्या बाजूला शोधा. काळा, चिकट, तेलकट, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून इंजिन ऑइल आत येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा, म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा सिलिंडर फार तापतोय. चारपैकी तीन सारखे आणि एक वेगळा असेल तर तो वेगळाच तुमचा.

पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर वरून खाली जाणारी पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का तेही बघा. ती करंट बाहेरून निसटल्याची वाट आहे. तसा प्लग पुसून वापरू नका, आणि कॉइलच्या रबरातही तीच रेघ शोधा. नवा प्लग जुन्या रबरात घातला तर रेघ परत उमटते. विहिरीत इंजिन ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगभोवतीचं सील गेलंय. आधी ते बदला, नाहीतर नवी कॉइलही तेलात बुडून मरेल.

प्लगची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. गाड्यांप्रमाणे ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान काही तरी दिलेलं असतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सीएनजीसाठी ती बऱ्याचदा कमी सांगितलेली असते. इरिडियम प्लगची फट ठोकून-वाकवून जुळवायला जाऊ नका, त्याचं टोक केसासारखं बारीक असतं.

इंजेक्टर आणि हवा

कॉइल आणि प्लग निर्दोष ठरले तर इंजेक्टर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या इंजेक्टरवर टेकवा, मूठ कानाला लावा, केस आणि कपडे बेल्टपासून दूर. निरोगी इंजेक्टर एकसारखा टिक-टिक वाजतो. एखादा गप्प किंवा मंद असेल तर त्याची वायर आणि सॉकेट तपासा, मग मल्टिमीटरने रेझिस्टन्स. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण १२ ते १६ ओहम असतो, पण आकड्यापेक्षा शेजारच्यांशी तुलना महत्त्वाची. तीन सारखे आणि एक खूप दूर असेल तर उत्तर मिळालं. टिक-टिक वाजतो पण फवारा नीट नाही, असं असू शकतं. त्यासाठी इंजेक्टर मशीनवर साफ करून फवारा डोळ्यांनी बघायला मागा.

चोरीची हवा शोधायला काही लोक गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. ते पेटतं, नवख्याने करू नये. झाडांवर पाणी मारायची छोटी फवारणीची बाटली घ्या आणि आयडलला पाइपांच्या जोडांवर बारीक फवारा मारा, कॉइल आणि सॉकेट टाळून. जिथे फवारल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, तिथे भेग आहे. स्कॅनरवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम'चा (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्याचा) आकडा बघता आला तर तोही बोलतो. आयडलला तो +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला उतरतो, तर हवा आत येतेय. उलट रेस दिल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर किंवा पंप.

कॉम्प्रेशन: इथे मदत घ्या

सगळं ठीक आणि सिलिंडर तरीही गप्प, तर दाब मोजायची वेळ आली. हे काम पहिल्यांदा जाणत्या मेस्त्रीसोबत करा, पण काय होतंय ते समजून घ्या. सगळे प्लग काढायचे, पेट्रोल आणि कॉइल बंद करायचे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा आणि गेज लावून पाच-सहा फेरे सेल्फ मारायचा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय दिसतात आणि सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो.

१७०, १६५, १७०, ११० असं आलं तर चौथा आजारी. आता त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग झिजल्यात, तेलाने तात्पुरती फट बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट जळालंय. उन्हाळ्यात कूलंटऐवजी साधं बोअरचं पाणी भरून गाडी एकदा तापवली असेल तर हे फार होतं.

हा खर्च मोठा आहे, म्हणून 'हेड उघडावं लागेल' असं कुणी म्हणालं तर कॉम्प्रेशनचे चारही आकडे लिहून मागा. आकड्यांशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका.

बसवताना

प्लग सगळे एकदम बदला, एकाच कंपनीचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचे. साधे निकेलचे प्लग २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात, इरिडियम ८० हजार ते लाखापर्यंत. कॉइल मात्र जी खराब ठरली तेवढीच बदलली तरी चालते. बाजारात नकली प्लग आणि कॉइल भरपूर आहेत. खोक्यावरची छपाई पुसट, प्लगवरचा नंबर खरवडल्यासारखा, भाव निम्मा, असं असेल तर परत द्या आणि पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

प्लग विहिरीत टाकू नका, पडून फट दबते. टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचा आणि हातानेच आटे धरा. आडवे आटे गेले तर नळी घसरते, पाना घसरत नाही, म्हणून सुरुवात नळीनेच. हाताने पूर्ण बसला की पान्याने आवळा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा) असेल तर मॅन्युअलचा आकडा. नसेल तर वॉशरच्या नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, फेऱ्याचा बारावा भाग बस होतो. निमुळत्या बैठकीच्या, वॉशर नसलेल्या प्लगला त्याहूनही कमी. कॉइलच्या रबराच्या आत डायइलेक्ट्रिक (करंट न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी रबर तुटणार नाही आणि पावसाळ्यात पाणी आत जाणार नाही.

कोड पुसा. सुरुवातीला आयडल किंचित वर-खाली झाला तर घाबरू नका, कॉम्प्युटर नवं गणित बसवत असतो. मग गाडी त्याच परिस्थितीत चालवा जिथे ती बिघडत होती. लळिंगच्या चढावर झटके होते तर लळिंगलाच न्या, दुपारी एसी लावल्यावर होते तर दुपारीच. पारोळा-एरंडोलच्या सपाट रस्त्यावर गाडी गोड चालली म्हणून काम झालं असं समजू नका. परत आल्यावर स्कॅनर लावून बघा, दिवा लागायच्या आधीही नोंद पडायला सुरुवात झालेली असते.

कोड परत आला तर वहीतली पानं घेऊन चांगल्या गॅरेजात जा: कधी होतं, कोणता कोड, कोणती कॉइल कुठे हलवली, प्लगचे फोटो, काय निर्दोष ठरलं. मेस्त्रीचे दोन तास वाचतात, आणि तोही सरळ उरलेल्या जागी हात घालतो. बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावून प्लग टाकल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. गाडी खळ्यात उभी राहत असेल तर पंधरवड्यातून एकदा बोनेट उघडून उंदरांची जाग बघा, कापूस घरात आल्यावर तर दर आठवड्याला.